आत्याचा खोकला, ब्राझीलचा साप आणि यकृतातली नक्कल

आत्याचा खोकला दिवाळीनंतर सुरू झाला आणि संक्रांत आली तरी थांबेना. कफ नाही, ताप नाही. नुसती घशात खवखव आणि रात्री पाठ टेकली की ढास. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, छातीचा एक्स-रे झाला. सगळं स्वच्छ. शेवटी एका डॉक्टरांनी तिला औषधांची पिशवी टेबलावर उपडी करायला लावली आणि त्यातली एक पट्टी उचलून बाजूला ठेवली. बीपीची गोळी होती, रामिप्रिल. तिच्याऐवजी टेल्मिसार्टन दिली आणि तीन आठवड्यांत खोकला गेला. आत्याचा प्रश्न साधा होता, "अगं, गोळी बीपीची, मग ती घशात कशाला गेली?"

उत्तर द्यायला बसले आणि संध्याकाळ संपली. कारण ते यकृतातून निघतं, मूत्रपिंडातून आणि फुप्फुसातून जातं, वाटेत ब्राझीलच्या एका सापाला भेटतं, आणि शरीरात प्रथिन कसं तयार होतं हे कळल्याशिवाय पुरतं उलगडतच नाही.

आधी बीपीतला वरचा आकडा, १२०, म्हणजे काय, ते. रक्ताचा दाब पाऱ्याचा एवढा स्तंभ उचलून धरू शकतो: १२० मिलिमीटर. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, म्हणून तोच दाब पाण्यात मोजला तर स्तंभ १ मीटर ६३ सेंटिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ आत्याच्या डोक्याच्याही वर. इंग्लंडमधले स्टीफन हेल्स हे पाद्री होते आणि त्यांना मोजमापाचा भारी नाद. त्यांनी घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडून पाहिली, तर रक्त आठ फुटांहून वर चढलं. १७३३ साली त्यांनी ते छापलं. घोडीचं काय झालं ते विचारू नये.

हा दाब दोन गोष्टींवर ठरतो: हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं आणि पुढच्या नळ्या किती अरुंद आहेत. यातली दुसरी गोष्ट फार जालीम. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट होत नाही, चौपटही नाही, सोळापट होतो. उलट बाजूने सांगायचं तर अडथळा दुप्पट व्हायला त्रिज्या फक्त १६ टक्क्यांनी आक्रसली तरी पुरे. त्यामुळे बारीक धमन्यांभोवतीचे स्नायू जरासे आवळले की दाब कुठल्या कुठे जातो. शरीर याच जागी हात घालतं, आणि निम्म्या गोळ्याही याच जागी.

हे आवळणं-सैलावणं शरीर वेगवेगळ्या गतींनी करतं. सगळ्यात घाईचं काम नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं. जमिनीवर मांडी घालून जेवलेला माणूस ताडकन उठला तर रक्त पायांकडे ओढलं जातं आणि मेंदूकडचा दाब पडतो. जबड्याखाली मानेतल्या धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ताण ओळखणारी टोकं असतात. ती मेंदूच्या बुंध्याला कळवतात, आणि दोन-तीन ठोक्यांत हृदयाचा वेग वाढतो, नळ्या आवळतात. चक्कर येता येता राहते. ताण ओळखणारी ही टोकंही प्रथिनांचीच. ‘पीझो’ नावाची ही प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

पण या पहारेकऱ्यांत एक खोट आहे. दाब चढाच राहिला तर काही दिवसांत ते त्यालाच ‘नेहमीचा’ समजू लागतात आणि ओरडायचं थांबतात. "मला काही त्रास होत नाही, मग गोळी कशाला?" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांचे पहारेकरी केव्हाच गप्प झालेले असतात, एवढाच त्याचा अर्थ.

दिवसेंदिवसचा दाब ठरवणारं खरं खातं मूत्रपिंडाचं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्या गाळलेल्या द्रवात सुमारे दीड किलो मीठ असतं. आपण दिवसाला खातो ते फार तर दोन चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ते पाच ग्रॅमच्या आतच असावं. म्हणजे गाळलेलं जवळजवळ सगळं मीठ परत आत ओढावं लागतं. त्या परत ओढण्यात जरा हात सैल झाला की मीठ बाहेर, त्याच्यामागे पाणी बाहेर, आणि दाब खाली. जरा आवळला की उलटं.

मूत्रपिंडाचा आणि दाबाचा हा संबंध पहिल्यांदा दिसला स्टॉकहोममध्ये. १८९८ साली रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा दाब वाढला. अर्कातल्या त्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. पुढची तीसेक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्याने अर्धवट दाबली आणि कुत्र्याचा दाब चढून तसाच राहिला, तेव्हा सगळे जागे झाले.

पण गंमत अशी की रेनिन स्वतः नळ्या आवळत नाही. ती नुसती कात्री आहे. ती ज्याला कापते ते प्रथिन यकृतात तयार होतं. नाव लांबलचक: अँजिओटेन्सिनोजेन. आता आपण यकृतात शिरू.

सातबारा काढायला गेलेल्या माणसाला एक कायदा पाठ असतो: मूळ दप्तर कुणी बाहेर नेऊ देत नाही, नक्कल मिळते. पेशीतही तेच. मूळ दप्तर म्हणजे डीएनए. ते केंद्रकाच्या आत, कुलपात. त्यात प्रथिनांच्या कृती असलेली सुमारे २० हजार पानं, ज्यांना आपण जनुकं म्हणतो. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत दप्तर तेच, फक्त कोणती पानं उघडायची हे प्रत्येक पेशी आपापलं ठरवते. अँजिओटेन्सिनोजेनचं पान पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. यकृतातली पेशी ते सतत उघडं ठेवते.

नक्कल उतरवणारा कारकून हेही एक प्रथिनच आहे. तो डीएनएची अक्षरं एकामागून एक वाचत आरएनएची पट्टी उतरवतो. डीएनएची अक्षरं चार: ए, टी, जी, सी. नकलेत टीच्या जागी यू येतं, बाकी तसंच. पहिली नक्कल कच्ची असते. तिच्यात कामाच्या मजकुराच्या मधे मधे भलतंच काहीबाही उतरलेलं असतं. या जनुकात कामाचे तुकडे पाच. मधला मजकूर कापून पाचही तुकडे सांधले की पक्की नक्कल तयार, आणि ती केंद्रकाच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर पडते.

बाहेर रायबोसोम वाट पाहत असतो. तो नक्कल तीन-तीन अक्षरांनी वाचतो. चार अक्षरांतून तीन-तीनच्या जोड्या ६४ होतात. त्यातल्या ६१ कुठल्या ना कुठल्या अमिनो आम्लाच्या आणि तीन पूर्णविरामाच्या. अमिनो आम्लं मात्र वीसच, त्यामुळे एकाच आम्लाला बऱ्याचदा अनेक जोड्या असतात. ही लिपी वाचायला सुरुवात झाली १९६१ मध्ये. मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी सगळी यू-यू-यू अक्षरं असलेला आरएनए घातला आणि फेनिलअ‍ॅलनिन या एकाच आम्लाची माळ मिळाली. पुढे हरगोविंद खुराना यांनी ठरावीक अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे आरएनए प्रयोगशाळेत बांधून बाकीच्या जोड्या सोडवायला मोठा हातभार लावला. निरेनबर्ग, खुराना आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चं नोबेल एकत्र मिळालं.

अक्षरं वाचली, पण अमिनो आम्ल आणून कोण देतं? रेल्वे स्टेशनावरचा बिल्लेवाला हमाल आठवा. पेशीतल्या हमालांच्या एका टोकाला तीन अक्षरांचा बिल्ला असतो आणि दुसऱ्या टोकाला एक ठरलेलं अमिनो आम्ल. नकलेवरच्या तीन अक्षरांशी ज्याचा बिल्ला जुळेल, तोच रायबोसोममध्ये शिरतो, आपलं ओझं माळेत ओवून देतो आणि निघून जातो. मग पुढचा. मेथिओनिनच्या ए-यू-जी या जोडीपासून सुरुवात, पूर्णविरामाला शेवट. माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण पाच-सहा मणी ओवले जातात. अँजिओटेन्सिनोजेनची माळ पावणेपाचशेच्या आसपास मण्यांची, म्हणजे दीडेक मिनिटाचं काम. आणि एकाच नकलेवर एकामागे एक असे अनेक रायबोसोम धावत असतात. चहाला आधण येईपर्यंत यकृतातल्या एकेका नकलेवरून कितीतरी माळा निघालेल्या असतात. हे यंत्र अणूच्या पातळीवर कसं दिसतं ते दाखवल्याबद्दल चिदंबरमला जन्मलेले आणि बडोद्याला शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासोबत.

माळेचे पहिले वीस-तीस मणी म्हणजे पाकिटावरचा पत्ता: ‘हे प्रथिन पेशीबाहेर जायचं आहे.’ त्या पत्त्यामुळे माळ ओवली जात असतानाच एका पडद्याआडच्या दालनात शिरते. तिथे पत्ता कापून टाकला जातो, माळेला घड्या पडून नेमका आकार येतो, साखरेच्या साखळ्या चिकटतात, आणि बांधाबांध होऊन प्रथिन रक्तात सोडलं जातं. ही पत्त्याची भानगड शोधणारे गुंटर ब्लोबेल १९९९ च्या नोबेलचे मानकरी.

रक्तात आलेलं अँजिओटेन्सिनोजेन काय करतं? काहीही नाही. नुसतं फिरत राहतं. यातच शरीराचं शहाणपण आहे. रक्त वाहून गेलं किंवा जुलाबांनी माणूस कोरडा पडला, तर तेव्हा जनुक उघडा, नक्कल काढा, माळ ओवा, घड्या घाला, यात फार वेळ जाईल. म्हणून कच्चा माल आधीच भरपूर करून रक्तात सोडून ठेवायचा, आणि लागेल तेव्हा फक्त कापायचा.

कापायची वेळ आली हे मूत्रपिंडाला तीन वाटांनी कळतं. त्याच्याकडे येणाऱ्या धमनीतला दाब पडला, गाळलेल्या द्रवात मीठ कमी आलं, किंवा नसांनी इशारा दिला. मग साठवलेली रेनिन रक्तात सुटते आणि त्या लांब माळेच्या टोकाचे फक्त दहा मणी छाटते. हे अँजिओटेन्सिन-एक, तेही जवळजवळ निरुपद्रवी. रक्त फिरत फिरत फुप्फुसात जातं. तिथल्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर दुसरी कात्री बसलेली असते, डॉक्टर जिला ‘एस’ म्हणतात. ती शेवटचे दोन मणी उडवते. उरले आठ. आणि या आठ मण्यांच्या इवल्याशा तुकड्यात, अँजिओटेन्सिन-दोनमध्ये, सगळा दणका. तो बारीक धमन्या आवळतो, तहान लावतो, मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतो. रक्तात तो मिनिटभरही धड टिकत नाही, पण तेवढ्यात काम होतं. (नावाची गोष्टही मजेशीर आहे. हा पदार्थ अर्जेंटिना आणि अमेरिका या दोन देशांत एकाच सुमाराला, स्वतंत्रपणे सापडला. एकांनी त्याला ‘हायपरटेन्सिन’ म्हटलं, दुसऱ्यांनी ‘अँजिओटोनिन’. १९५८ मध्ये दोन्ही नावांची मोडतोड करून समेट झाला.)

इथे गोष्ट पुन्हा दप्तराकडे वळते. अँजिओटेन्सिन-दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींना अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडायला सांगतो. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाच्या पेशीत शिरतं, आतल्या एका प्रथिनाला धरतं आणि दोघं मिळून थेट केंद्रकात जाऊन मीठ आत ओढणाऱ्या यंत्रणेची पानं उघडतात. पुन्हा नक्कल, पुन्हा रायबोसोम, नवी प्रथिनं, आणि मिठासाठी पेशीच्या भिंतीत जास्त दारं. हे काही सेकंदांत होत नाही. तास-दीड तास तरी जातो, आणि परिणाम दिवसभर रेंगाळतो. नसांनी दाब सावरला तो सेकंदांत, कात्र्यांनी मिनिटांत, आणि नव्या प्रथिनांनी तासांत. परवाच्या लग्नात पापड-लोणच्यावर मारलेला ताव आजच्या आकड्यात दिसू शकतो तो या शेवटच्या, संथ खात्यामुळे. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला चारेक आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात आकडा हलला नाही म्हणून गोळीला नावं ठेवू नयेत.

मूळ दप्तरातच एखादं अक्षर वेगळं असलं तर? अँजिओटेन्सिनोजेनच्या माळेत २३५ व्या जागी काहींना मेथिओनिन असतं, काहींना थ्रिओनिन. फरक एकाच अक्षराचा, ए-टी-जी ऐवजी ए-सी-जी. १९९२ मध्ये युटा आणि पॅरिसमधल्या कुटुंबांच्या अभ्यासात असं दिसलं की थ्रिओनिनवाल्यांच्या रक्तात हे प्रथिन जरा जास्त असतं. त्या एका अक्षराने कुणाचा रक्तदाब ठरत नाही. अशी शेकडो अक्षरं चिमूट चिमूट भर घालतात, आणि वर खाणं, वजन, झोप. जनुकचाचणीच्या जाहिराती पाहून धावू नका, इतकंच.

आता साप. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप असतो. तो चावला की माणसाचा दाब एकदम कोसळतो. १९४९ मध्ये तिथल्या मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांनी या विषाचा अभ्यास करताना ब्रॅडिकायनिन शोधलं, जे नळ्या सैल करतं. त्यांचे शिष्य सर्जिओ फेरेरा यांना १९६५ मध्ये त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारं काहीतरी सापडलं. ते घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे वाय. एस. बखले यांनी (हे आडनाव वाचून मी क्षणभर थांबलेच) दाखवलं की विषातला हा पदार्थ फुप्फुसातली ती दुसरी कात्री, म्हणजे एस, बोथट करतो. त्यावरून अमेरिकेत डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी तोंडाने घेता येईल असा रेणू घडवला. कारण सापाचा पदार्थ अमिनो आम्लांचा. पोटात गेला असता तर वरणासारखा पचून गेला असता. कॅप्टोप्रिल हे त्या गोळीचं नाव, आणि १९८१ मध्ये तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली. शेवटी ‘प्रिल’ असलेल्या सगळ्या गोळ्या हिच्याच भाचरंडांपैकी.

आणि खोकलाही इथलाच. एस ही कात्री दोन कामं करते: अँजिओटेन्सिन कापून तयार करते आणि ब्रॅडिकायनिन कापून नष्ट करते. ती बोथट केली की दाब उतरतो हे खरं, पण ब्रॅडिकायनिन साचतं, श्वासमार्गातल्या नसांना गुदगुल्या करतं, आणि साधारण दहातल्या एकाला कोरडा खोकला लागतो. बायकांना जरा जास्तच. टेल्मिसार्टन, लोसार्टन अशा ‘सार्टन’ गोळ्या कात्रीला हातच लावत नाहीत. अँजिओटेन्सिन-दोन ज्या कुलपात किल्लीसारखा बसतो ते कुलूप बुजवतात. ब्रॅडिकायनिनची विल्हेवाट नीट चालू राहते. आत्याचा घसा म्हणून मोकळा झाला. (खोकला येतो म्हणून परस्पर गोळी बंद करणं हा मात्र त्याच्यावरचा उपाय नव्हे, डॉक्टरांनी बदलून द्यायची असते.)

इतकं सांगून झालं तशी आत्या म्हणाली, "एवढ्या कात्र्या न् कुलपांपेक्षा ती नक्कलच फाडली तर?"

तेच चाललंय. एखाद्या नकलेशी अक्षरागणिक जुळणारा आरएनएचा दुपदरी तुकडा पेशीत घातला की पेशी स्वतःच ती नक्कल फाडून टाकते. हे १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी जंतांमध्ये दाखवलं आणि २००६ मध्ये नोबेल मिळवलं. झिलेबेसिरान नावाचं औषध हेच यकृतात करतं: दप्तर शाबूत, नक्कल फाटलेली, अँजिओटेन्सिनोजेन जवळजवळ तयारच होत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत जास्त मात्रेच्या एका इंजेक्शनाने रक्तातलं हे प्रथिन ९० टक्क्यांहून अधिक घटलं आणि वरचा आकडा दहाहून अधिक अंकांनी उतरून सहा महिने उतरलेलाच राहिला. त्याच चाचणीत खारट आहारावर ठेवल्यावर परिणाम बोथट झाला, हेही नोंदलेलं आहे.

"सहा महिन्यांतून एकदाच?" आत्याचे डोळे चमकले. मग ती थांबली. चाळीस वर्षं स्वयंपाकघर चालवलेल्या बाईचा प्रश्न होता तो: "आणि मधेच जुलाब लागून अंगातलं पाणी गेलं, तर? गोळी एक दिवस नाही घेतली तर चालतं. टोचलेलं कसं काढणार?"

हाच प्रश्न या औषधाच्या चाचण्या घेणाऱ्यांपुढेही आहे.